दोघांनाही ओवाळलं

वेस्टब्रुक गावातली माणसं एकमेकांना किती पाण्यात पाहतात हे शोभनाला कळायला वीस वर्षं लागली, आणि कळलं तेही एका ट्रॅफिक सिग्नलपायी.

गाव नॉर्थ कॅरोलिनातलं, कॅरी शहराच्या थोडं पुढे. दिसायला मोठं शहाणं. कापलेल्या हिरवळी, रंगवलेल्या टपालपेट्या, आणि भेटेल तो हवापाण्यावर गोड बोलणारा. नवरा मनोहर मूळचा कराडचा, शोभना पुण्याची. तो सॉफ्टवेअरमध्ये, ती एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये. घर घेतलं, मुलगी इशिता वाढली, शिकली आणि सिअ‍ॅटलला जाऊन राहिली. मधे कधीतरी दोघांनी नागरिकत्वाची शपथ घेतली. त्या दिवशी हात वर करून उभं असताना शोभनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे ते आठवलं की तिला स्वतःचाच राग यायचा.

मग मनोहरला स्ट्रोक आला. उजवी बाजू अर्धी गेली, जीभ जड झाली आणि डॉक्टरने गाडी चालवायला कायमची बंदी केली. अमेरिकेत गाडीची किल्ली काढून घेणं म्हणजे माणसाला घरात कोंडून बाहेरून कडी घालणं. शोभना सकाळी कामावर जायची ती संध्याकाळी यायची. तोवर हा डोक्याने शाबूत, वॉकर धरून बऱ्यापैकी चालणारा माणूस खिडकीशी बसून असायचा. आणि खिडकीतून काय दिसायचं? लायब्ररी. अगदी समोर. तिथे वर्तमानपत्रं होती, बुद्धिबळाचं टेबल होतं, बाहेरच्या बाकांवर रोज जमणारे आपल्याकडचे आई-वडील होते. त्यांच्यात बसून मनसोक्त कुचाळक्या करता आल्या असत्या. मधे फक्त ओल्ड मिल रोड होता.

चारपदरी रस्ता, वळणावरून सुसाट येणाऱ्या गाड्या, ना सिग्नल, ना पांढरे पट्टे. वेस्टब्रुकमध्ये पायी चालणारा म्हणजे एक तर गाडी बंद पडलेला, नाहीतर मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेला कुणाचा तरी बाप. तीन घरं सोडून राहणाऱ्या राजेशच्या आईला गेल्या वर्षी तिथेच एका पिकअपने उडवलं. बाई वाचल्या, पण मोडलेली मांडी घेऊन नागपूरला परत गेल्या. त्या दिवशी शोभनाने मनोहरला शपथ घातली, "सिग्नल बसेपर्यंत एकट्याने रस्ता ओलांडायचा नाही." त्याने मान डोलावली आणि शब्द पाळला.

सिग्नल बसवणं गावाच्या कौन्सिलच्या हातात होतं. शोभनाने अर्ज केला, आळीतल्या लोकांच्या सह्या घेतल्या, सभेत नागरिकांना तीन मिनिटं बोलू देतात तिथे जाऊन बोलली. सिग्नलला कोण कशाला नाही म्हणेल, असं तिला वाटलं होतं. इतकी शिकली-सवरलेली बाई, पण किती भोळी!

कौन्सिलवर माणसं सात. तीन लाल पक्षाची, तीन निळ्या पक्षाची. आपल्याकडे लाल म्हटलं की विळा-हातोडा आठवतो. इथले लाल त्याच्या नेमके उलट्या टोकाचे. सातवे गृहस्थ कुणाचेच नव्हते. ते मधे बसून दोन्हीकडच्यांना चुचकारायचे. ते हृदयविकाराने गेले आणि गावाचं घोडं अडलं. त्यांच्या जागी कुणाला नेमायचं यावर मतं पडली, तीन-तीन. बरोबरी झाली की ठराव बारगळतो, असा नियम. उन्हाळाभर गावचा पोहण्याचा तलाव कोरडा पडून राहिला, कारण तलाव कुणी चालवायचा यावर तीन-तीन. इराकच्या युद्धाला वेस्टब्रुकने पाठिंबा द्यायचा की निषेध करायचा, यावर मात्र एक अख्खी सभा खर्ची पडली. जणू बगदादचे लोक या गावाच्या ठरावाकडे डोळे लावून बसले होते. तोही तीन-तीन.

सिग्नलचा ठराव दोनदा आला. पहिल्यांदा तो निळ्या पक्षाच्या एका बाईंनी मांडला. लालवाले तिघे म्हणाले, सरकारने माणसाला रस्ता ओलांडायलाही शिकवायचं का? पडला. दुसऱ्यांदा एका लालवाल्यानेच मांडला, कारण त्याच्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्याला तिथे धक्का बसला होता. आता निळ्या बाई स्वतःच विरोधात! शोभना सभागृहात बसून बघत राहिली. सिग्नल तोच, रस्ता तोच, नकाशासुद्धा तोच.

सभा संपल्यावर तिने त्या बाईंना गाठलं. "तुमचाच ठराव होता ना हा?"

"होता," बाई थंडपणे म्हणाल्या, "पण आज तो त्यांचा होता. त्यांना असे सोपे विजय मिळू द्यायचे नसतात."

शोभनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विजय म्हणे! माझा नवरा खिडकीत बसून वाळतोय आणि ह्यांना विजय दिसतोय.

शेवटी सातव्या जागेसाठी निवडणूक लागली. २००६ सालचा शरद ऋतू. सगळ्या देशातच तेव्हा मोठ्या निवडणुकांची धूळ उडालेली, त्यात गावाचीही भर पडली. हिरवळींवर लाल-निळ्या पाट्या उगवल्या. शोभनाच्या डाव्या हाताची कॅरोल लाल, उजव्या हाताचा प्रोफेसर निळा. पूर्वी दोघं एकमेकांच्या कुत्र्यांना फिरवून आणायचे. आता कुत्री भेटली तरी मालक दोरी ओढून घ्यायचे.

एका शनिवारी दुपारी दाराची घंटा वाजली. लाल पक्षाचा उमेदवार टॅलबर्ट सपत्नीक उभा होता. घरं विकण्याचा धंदा असलेला धिप्पाड गृहस्थ, हात असा मिळवायचा की बोटं मोजून घ्यावीत. शोभना त्याला बैठकीत घेऊन आली. मनोहरने त्याला पाहिलं आणि स्ट्रोकनंतर प्रथमच त्याचा चेहरा पूर्वीसारखा खुलला.

"अगं... उमेदवार... दारात आलाय," तो अडखळत म्हणाला. "ओवाळ की."

कराडला त्याच्या घरी तशी रीतच होती. नगरपालिकेची असो की विधानसभेची, उमेदवार आळीत आला की बायका तबक घेऊन उंबऱ्यात. पक्ष कोण बघतो! मनोहरची आई सकाळी एकाला ओवाळायची, संध्याकाळी त्याच्या विरोधकाला, आणि मत कुणाला द्यायचं ते नवऱ्यालाही कळू द्यायची नाही. मात्र एकदा तिच्या हातचं कुंकू लावून घेतलेला माणूस निवडून आला की ती त्याला भर बाजारात अडवायची. "कुंकू लावून घेतलंस ना? मग नळाचं काय झालं?" आणि तोही बिचारा मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

शोभनाला आधी संकोच वाटला. पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने देवघरातलं निरांजन लावलं, तबकात हळदकुंकू, अक्षता, सुपारी घेतली. टॅलबर्टला सोफ्यावर बसवलं, डोक्यावर रुमाल टाकला, कुंकू लावलं आणि ओवाळलं. त्याच्या बायकोला भारी कौतुक. "हे काय असतं?" तिने विचारलं.

"घरच्यासारखं मानून शुभेच्छा देणं," शोभना म्हणाली. "आणि ज्याला ओवाळलं त्याने शब्द पाळणं."

मनोहर मिश्कील हसत म्हणाला, "तबकात... काहीतरी... टाकावं लागतं." टॅलबर्टने खिसे चाचपले आणि स्वतःच्या नावाचा बिल्ला तबकात टाकला. सगळे हसले. शोभनाने लगेच सिग्नलचं काढलं. टॅलबर्टने खिडकीतून रस्ता पाहिला, मनोहरचा वॉकर पाहिला, आणि कपाळावरच्या कुंकवासकट म्हणाला, "मॅडम, मी निवडून आलो की पहिलं काम हेच."

पुढच्याच आठवड्यात निळा उमेदवार विटेकर आला. नाव आपल्याकडचं वाटलं तरी माणूस अस्सल अमेरिकन. दातांचा डॉक्टर, किडकिडीत, बोलणं लोण्यासारखं. त्यालाही शोभनाने ओवाळलं. फरक एवढाच की त्याच्याबरोबर कॅमेरा घेतलेली एक मुलगी होती, तिने धडाधड फोटो काढले. त्यानेही सिग्नलचा शब्द दिला. ते गेल्यावर शोभना आणि मनोहर खूश होऊन चहा पीत बसले. आता कुणीही येवो, सिग्नल नक्की. इतकं साधं गणित होतं त्यांचं, आणि तिथेच ते फसले. कुंकू लावून घेतलेला माणूस बांधला जातो, असं त्यांना वाटलं. इथे ज्याच्या कपाळाला कुंकू लागलं तो विकला गेला, असं मानणारी माणसं होती.

विटेकरच्या लोकांनी फोटो त्याच्या वेबसाइटवर टाकला. खाली ओळ, 'वेस्टब्रुक सर्वांचं'. दोनच दिवसांत तोच फोटो प्रत्येक घराच्या टपालपेटीत येऊन पडला, पण कसा? पाठीमागे काळाकुट्ट रंग दिलेला. निरांजनाचा उजेड खालून आल्यामुळे विटेकरचा चेहरा भुतासारखा. शोभनाचं तोंड कापलेलं. फक्त बांगड्या भरलेला हात, तबक आणि ज्योत. वर मोठी अक्षरं, 'हा कुणापुढे वाकतो?' आणि खाली, 'आता सिग्नलही त्यांच्याच सोयीचे?'

शोभनाने तो कागद उचलला आणि फोटोतला हात ओळखला. त्या हातात तिच्या आईच्या पाटल्या होत्या. 'त्यांच्या' म्हणजे कुणाच्या? वीस वर्षं याच गावात राहून आपण अजून 'ते'च?

संध्याकाळी कुंपणाशी कॅरोल भेटली. तिनेही तो कागद पाहिला होता. "शोभना, तू त्यांच्यातली निघशील असं वाटलं नव्हतं," ती दुखावल्या आवाजात म्हणाली.

"कुणातली? हिंदू?"

"छे गं, त्याचं मला काही नाही. निळ्यांतली!"

हसावं की रडावं तेच शोभनाला कळेना. रात्री फोन वाजायला लागले. कुणी शिव्या द्यायचं, कुणी नुसतीच प्रार्थना म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. मनोहरने एक फोन उचलला. त्याचं अडखळणं ऐकून पलीकडचा म्हणाला, "इंग्लिश शिक आधी." ज्याने या देशाला वीस वर्षं इंग्रजीतून प्रोग्रॅम लिहून दिले, त्याला!

आता निदान विटेकर तरी पाठीशी उभा राहील? तो स्थानिक रेडिओवर आला आणि सरळ कानावर हात ठेवले. आपल्याला काही कल्पना नव्हती, एका घरात गेलो असता अचानक हा धार्मिक प्रकार करण्यात आला, आपण तर तीन पिढ्यांचे बॅप्टिस्ट ख्रिश्चन. फोटो वेबसाइटवरून गायब. वर ती कॅमेरावाली मुलगी शोभनाच्या दारात आली, ते काय विचारायला? "खरं सांगा, तुम्हाला लाल पक्षाने हे करायला सांगितलं होतं का?" शोभनाने तिच्या तोंडावर दार आपटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाच्या तोंडावर दार आपटलं, आणि तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संग्राम आला. पुण्याचा पोरगा, आयटीवाला, वर्क व्हिसावर. मताचा हक्क नाही, पण गळा सगळ्यांत मोठा. दिवसरात्र इंटरनेटवर निळ्या बाजूने भांडायचा. मनोहरकाकांनी टॅलबर्टच्या ओवाळण्याची गंमत त्याला फोनवर सांगून टाकली होती.

"काकू, धिस इज गोल्ड!" तो बूटही न काढता आत आला. "टॅलबर्टनेपण टिळा लावून घेतलाय, यार! तुम्ही फक्त पेपरवाल्यांना ऑन रेकॉर्ड सांगा. त्याचं इलेक्शन फिनिश. त्याचे चर्चवाले त्याला कच्चा खातील."

"आणि सिग्नल?" शोभनाने विचारलं.

"सिग्नलचं काय?"

"टॅलबर्टने शब्द दिलाय. विटेकर आता सिग्नलचं नावसुद्धा काढणार नाही, घाबरून बसलाय. मी टॅलबर्टला पाडलं तर सिग्नल कोण बसवणार?"

संग्रामने डोक्याला हात लावला. "काकू, तुम्ही बिग पिक्चर बघा ना. ते लोक फॅसिस्ट आहेत. आधी त्यांना डिफीट करू, सिग्नलचं मग बघता येईल."

"तुझे काका सत्तर वर्षांचे होतायत. मग म्हणजे कधी?"

"तुमच्यासारख्यांमुळेच हे जिंकतात," संग्राम म्हणाला. आपण कुणाशी बोलतोय याचंही भान त्याला उरलं नव्हतं. शोभनाने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

पण त्याचं बोलणं तिला रात्रभर टोचत राहिलं. शेवटी ती स्वतःच टॅलबर्टच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. त्याने दार लोटून घेतलं आणि आवाज मऊ केला. "मॅडम, तो कागद बाहेरच्या एका कमिटीने काढला. माझं त्यात काही नाही. मनाला लावून घेऊ नका."

"तुम्ही माझ्या सोफ्यावर बसून कुंकू लावून घेतलंत."

"आणि माझी बायको अजून त्याची आठवण काढते," तो हसून म्हणाला. मग हसू गेलं. "पण ते आपल्यातच राहिलेलं बरं. तुमच्या मिस्टरांना रस्ता ओलांडायचाय ना? मला निवडून येऊ द्या."

शोभना घरी आली, पण पेपरवाल्यांना फोन केला नाही. अपमान गिळला. निवडणुकीच्या दिवशी तिने मनोहरला गाडीत घालून मतदानाला नेलं आणि दोघांनीही टॅलबर्टला मत दिलं. ज्याने तिच्या हाताचा असा बाजार मांडला, त्याला. तिच्या मते ते मत टॅलबर्टला नव्हतंच, ते सिग्नलला होतं. टॅलबर्ट थोडक्यात निवडून आला.

डिसेंबरच्या पहिल्या सभेत सिग्नलचा ठराव होता. सभागृह गच्च भरलेलं. मधल्या वाटेच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळे, लग्नात भांडण झालेल्या दोन व्याह्यांसारखे. शोभना नेसली होती कांजीवरम, मुद्दामच. कुठे बसायचं हे तिला कळेना, म्हणून ती मागे उभी राहिली.

टॅलबर्ट तिच्याकडे न बघता बोलू लागला. निवडणुकीत जनतेने स्पष्ट कौल दिलाय. हा सिग्नल आता सिग्नल राहिलेला नाही, तो विरोधकांच्या विचारसरणीचं प्रतीक झालाय. त्याला मान्यता देणं म्हणजे मतदारांशी बेइमानी. सबब आपला विरोध. लाल बाजूने टाळ्यांचा कडकडाट. निळ्या बाईंनी उठून लालवाल्यांना वंशवादी म्हटलं. त्याला उत्तर म्हणून त्यांना देशद्रोही म्हणण्यात आलं. राजेशच्या आईची मांडी, मनोहरचा वॉकर, तो सुसाट रस्ता, यातलं एक अक्षर कुणाच्या तोंडून निघालं नाही. मतं पडली, चार विरुद्ध तीन. सिग्नल गेला.

मग नागरिकांची वेळ आली. शोभना माइकपाशी गेली. घरून चार ओळी पाठ करून आणल्या होत्या, त्या कुठल्या कुठे उडाल्या.

"मिस्टर टॅलबर्ट," ती म्हणाली, "ज्या हाताला तुम्ही गावभर बदनाम केलंत त्याच हाताने मी तुमच्या कपाळाला कुंकू लावलं. तुमच्या बायकोच्या समोर. विटेकरांच्या आठवडाभर आधी. तुम्ही मला शब्द दिलात आणि मी त्या शब्दासाठी तोंड शिवून बसले." सभागृहात गलका झाला. निळ्या बाजूने शिट्ट्या वाजल्या. शोभना गर्रकन तिकडे वळली. "तुम्ही कशाला शिट्ट्या मारताय? तुमचा उमेदवार माझ्या घरचा चहा पिऊन गेला आणि रेडिओवर मला ओळखही दाखवली नाही. तुमच्या बाईंनी स्वतःचाच ठराव हाणून पाडला, कारण तो दुसऱ्याच्या तोंडून आला होता. तुम्हाला सिग्नल नको आहे. तुम्हाला एकमेकांचं नाक कापायचं आहे, मग त्यात माणूस मेला तरी चालेल. त्या रस्त्यावर एका बाईची मांडी मोडली. उद्या कुणीतरी मरेल, आणि तुम्हा सातही जणांना आज मी भर सभेत सांगितलंय की ते मरणार आहे. उद्या माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही."

माइक बंद झाला. तीन मिनिटं व्हायची होती, तरी बंद झाला.

पण शेवटच्या वाक्याने गावाचा वकील खुर्चीतून उठला होता. तो एकेकाच्या कानाशी लागला. आधी लालवाल्यांच्या, मग निळ्यांच्या. धोका आता नोंदीवर आला होता. उद्या खरंच कुणी मेलं तर गाव कोर्टात खेचलं जाईल. सातही डोकी एकत्र आली. कित्येक महिन्यांत ती इतकी जवळ आली नव्हती. पाच मिनिटांत नवा ठराव आला. मांडला टॅलबर्टने, अनुमोदन दिलं निळ्या बाईंनी. ओल्ड मिल रोड त्या ठिकाणी पायी ओलांडण्यास मनाई. तसा फलक तातडीने लावण्यात यावा. सात विरुद्ध शून्य.

सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. लालही, निळेही. दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात संपादकाने लिहिलं की अखेर वेस्टब्रुकमध्ये सामंजस्याची पहाट झाली. शोभनाचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

मनोहरला तिने काही सांगितलं नाही. "अजून चाललंय त्यांचं," एवढंच म्हणाली. खरं सांगायला तिची जीभ उचलेना. इतका ओरडा करून आपण नवऱ्यासाठी काय आणलं? बंदीचा हुकूम!

दोन-तीन दिवसांनी, ती कामावर निघायच्या गडबडीत असताना बैठकीतून त्याची हाक आली. "अगं... आले! आले बघ!"

ती धावत गेली. रस्त्याच्या कडेला गावाचा पिवळा ट्रक उभा होता. दोन कामगार खड्डा खणत होते आणि बाजूला एक लांब लोखंडी खांब आडवा पडला होता. मनोहर खिडकीशी उभा होता, एका हाताने वॉकर धरून. दुसऱ्या, निकामी हातावर त्याने जॅकेटची बाही कशीबशी चढवली होती, आणि बटणं लावायला जमत नव्हती म्हणून तो तिची वाट बघत होता.

"खांब... बसवतायत," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. "आज... रजा टाक. बरोबर जाऊ. उद्यापासून... माझा मी."

शोभनाने त्याच्या जॅकेटची बटणं लावली. सगळी लावली, वरपासून खालपर्यंत, कारण तेवढा वेळ तरी काही बोलावं लागणार नव्हतं. बाहेर कामगारांनी खांब उभा केला, माती दाबली. मग एकाने ट्रकमधून फलक काढला आणि वर चढून ठोकला. पांढऱ्या पाटीवर चालणारा काळा माणूस, त्याच्याभोवती तांबडं वर्तुळ, आणि त्याच्या अंगावरून आडवी तांबडी रेघ.

मनोहरला अशा खुणा नीट वाचता येत होत्या. स्ट्रोकने ते नेलं नव्हतं.

"कुणी केलं?" त्याने विचारलं.

"सगळ्यांनी," शोभना म्हणाली. "सात विरुद्ध शून्य."

"टॅलबर्ट?"

"तोही. निळ्या बाईही. सगळे." आणि मग तिचा बांध फुटला. "अहो, मीच बोलले हो तिथे. मी बोलले म्हणून त्यांनी हे केलं. मेले सगळे! सगळे मेले!"

मनोहरने तिच्या खांद्यावर डावा हात ठेवला. त्याच्या चेहऱ्याची जी बाजू हलायची तेवढीच हसली.

"एकमत झालं... म्हणजे," तो म्हणाला. "आपल्यावर."

मग त्याने वॉकर बाजूला ठेवला, खुर्चीची पाठ धरली आणि एका हाताने ओढत ओढत ती खिडकीकडे पाठ होईल अशी फिरवली. शोभना पुढे झाली तर मानेनेच नको म्हणाला. खुर्ची फिरवून झाल्यावर तो जॅकेट न काढता तसाच भिंतीकडे तोंड करून बसला.